माथेरानची छोटी गाडी आणि पत्र्याच्या पेटीतले फोटो



मी मढचा राहणारा. मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या पलीकडे, वर्सोव्याच्या समोर आमचे गाव. तीन बाजूंना पाणी, किनाऱ्याला होड्या, आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. आता तुम्ही म्हणाल, मढचा माणूस डोंगरातल्या आगगाडीबद्दल काय बोलणार? तुमची शंका बरोबर आहे. आमच्या गावात आगगाडी कधी आली नाही. पण आमच्या घरात एक आगगाडी पुष्कळ वर्षे होती. ती पत्र्याच्या एका पेटीत, आजीच्या लुगड्यांच्या खाली असायची. चार फोटो होते ते, नेरळ-माथेरानच्या वाफेच्या गाडीचे. आज त्या चार फोटोंबद्दल सांगणार आहे. विशेषतः शिक्षकबंधू-भगिनींनी ऐकावे अशी इच्छा आहे, कारण या गोष्टीत चूक झाली ती एका शिक्षकाच्याच हातून. तो शिक्षक मीच.

हे फोटो आमच्या घरी आले कसे? माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ होते. कोळ्याच्या घरातला मुलगा, पण त्याला होडी मानवेना. खोल पाण्यात गेला की पोटात ढवळायचे. घरच्यांनी पुष्कळ उपाय केले. शेवटी ते समुद्र सोडून डोंगराला गेले आणि माथेरानच्या गाडीवर ब्रेकमन झाले. आजी सांगायची, "भावजींना लाट सोसली नाही, पण डोंगराची वळणं सोसली. देवाची करणी!" पूर्वी माथेरानची गाडी पावसाळ्यात बंद असे, कारण दरडी कोसळत. इकडे आमच्या होड्याही त्याच दिवसांत किनाऱ्यावर ओढलेल्या. त्यामुळे नारळी पौर्णिमेला भावजी घरी असायचेच, असे आजी मोठ्या समाधानाने सांगे.

आता ही गाडी कोणी बांधली ते थोडक्यात सांगतो. माथेरानचा डोंगर इंग्रज साहेबांच्या नजरेत भरला तो १८५० साली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षी वर चढून गेले, आणि पुढे तेथे हवा खायला जाण्याची चाल पडली. नेरळपर्यंत मोठी रेल्वे लवकरच आली, पण नेरळाहून वर जायचे म्हणजे घोडा, पालखी, नाहीतर आपले पाय. मुंबईचे मोठे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी येथे रेल्वे बांधायचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी वर पोहोचली. सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला, आणि तो पीरभॉय घराण्याने घातला. त्या काळचे सोळा लाख, बरं का! मार्गाच्या आखणीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरचा सल्ला होता. सोलापूरकडच्या श्रोत्यांना हे नाव परके वाटू नये, कारण बार्शी लाइट रेल्वे उभारणारे तेच.

आता आपण पेटी उघडू आणि एकेक फोटो पाहू.

पहिला फोटो नेरळ स्टेशनातला. एका बाजूला मोठ्या गाडीचे रूळ, दुसऱ्या बाजूला छोट्या गाडीचे. मोठ्या गाडीच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर असते, हिच्या रुळांत फक्त दोन फुटांचे. शाळेतल्या बाकाची लांबीसुद्धा त्याहून जास्त भरेल. त्या दोन फुटांवर काळे, ठेंगणे इंजिन उभे. पाण्याच्या टाक्या दोन्ही कुशींना बांधलेल्या. हे इंजिन जर्मनीतल्या ओरेन्स्टाइन आणि कोप्पेल या कारखान्याचे. अशी चार इंजिने आणली होती आणि पाऊणशे वर्षे त्यांनी हा डोंगर चढला.

या इंजिनाची एक गंमत सांगतो. त्याला सहा चाके, म्हणजे तीन आस. बैलगाडीचा आस कसा घट्ट बसवलेला असतो, तसे तीनही आस घट्ट बसवले तर इंजिन सरळ रुळांवर छान धावेल. पण माथेरानच्या वळणावर ते एक तर अडकेल, नाहीतर रूळ सोडेल. म्हणून काय केले? मधला आस घट्ट ठेवला. पुढचा आणि मागचा आस पोकळ केला, नळीसारखा. त्या नळीच्या आत दुसरा भरीव आस, आणि दोघांना जोडणारा सांधा मधोमध, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा गोल. फिरण्याचे काम आतला आस करतो, आणि बाहेरची नळी चाके घेऊन वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. अंगात ताकद आणि कमरेत लवचिकपणा असलेले हे इंजिन! यंत्रातले हे चातुर्य फोटोत दिसत नाही. चाकांच्या आड ते लपलेले असते. पण माहिती असली म्हणजे फोटोतले इंजिन वेगळे दिसू लागते.

दुसरा फोटो दुरून काढलेला. डोंगराच्या कडेने गाडी वळते आहे, आणि ती इतकी वळली आहे की शेवटच्या डब्यातला माणूस इंजिनातल्या माणसाला समोरासमोर पाहू शकेल. नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग सुमारे वीस किलोमीटरचा. त्यात दोनशेच्या वर वळणे. नेरळ समुद्रसपाटीपासून चाळीस मीटरच्या आसपास, आणि माथेरान आठशे मीटरच्या आसपास. एवढी उंची चढायची तर सरळ जाऊन भागत नाही. चढ कोठे कोठे वीसास एक आहे, म्हणजे वीस पावले पुढे गेले की एक पाऊल वर. हा चढ केवढा, हे कळायला तुलना सांगतो. भोर घाटात मोठी रेल्वे चढते तो चढ सदतिसास एक आहे. चढता चढता गाडी जुम्मापट्टी घेते, मग घोड्याच्या नालासारखे वळण घेते, आणि वाटेत एकुलता एक बोगदा लागतो. तो इतका आखूड की अंधार पडतो न पडतो तोच उजेड येतो. साहेब लोकांनी त्याला 'वन किस टनेल' असे नाव ठेवले. त्याचा अर्थ शिक्षकांनी वर्गात सांगायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरा फोटो वॉटर पाइप स्टेशनातला. नावातच काम सांगितले आहे. तहानलेले इंजिन येथे पाणी पिई. फोटोत इंजिन उभे आहे, उतारू खाली उतरले आहेत, आणि एका बाजूला डोक्यावर ओझे घेतलेली एक बाई थांबली आहे. पेहरावावरून ती डोंगरातल्या वाडीवरची असावी. गाडीत बसण्यासाठी ती थांबलेली नाही. रूळ ओलांडायला वाट मोकळी होण्याची ती वाट पाहते आहे. गाडी सुरू झाली तरी डोंगरची माणसे चालतच राहिली, हे त्या फोटोने मला शिकवले. फोटो काढणाऱ्याच्या मनात हे नसेल. त्याला इंजिन टिपायचे होते. बाई आपोआप आली.

जुने फोटो पाहताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, जुन्या फोटोंत आगगाड्या बहुधा उभ्या असतात किंवा खूप दूर असतात. त्या काळच्या काचपट्टीला उजेड बराच वेळ लागे. जवळून धावणारी गाडी टिपली तर तिचा नुसता धुरकट पट्टा उमटे. म्हणून गाडी थांबवून, माणसे समोर उभी करून, "हलू नका" असे बजावून फोटो काढत. आपले आजोबा फोटोत एवढे रागावलेले का दिसतात, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. दुसरी गोष्ट रंगाची. माथेरानला गेलेल्यांना तेथील लाल माती आठवत असेल. कपड्यांना लागते, बुटांना लागते, घरी आल्यावरही आठवडाभर सोबत करते. पण जुन्या फोटोंत ती माती जवळजवळ काळी दिसते, आणि निळे आभाळ कोऱ्या कागदासारखे पांढरे. त्या काचपट्ट्यांवरचे रसायन निळा उजेड चटकन पकडे आणि तांबडा त्याला दिसतच नसे. तेव्हा फोटो खोटे बोलत नाही हे खरे असले, तरी त्याची भाषा आपल्याला यावी लागते.

आता चौथा फोटो. खरे तर मला बोलायचे आहे ते याच्याबद्दल.

डब्यासमोर सात माणसे एका ओळीत उभी आहेत. हे ब्रेकमन. त्या गाडीला उतरताना आवरायचे म्हणजे एकट्या इंजिनाचे काम नव्हते. डब्यांवर ब्रेकमन असत. ड्रायव्हरची शिट्टी ऐकायची आणि हाताने चक्र फिरवून ब्रेक आवळायचा. पुन्हा शिट्टी झाली की सैल करायचा. फार आवळला तर चाके घसरणार, कमी आवळला तर डबा पुढच्याला रेटणार. सगळ्यांचे हात एका शिट्टीवर चालले पाहिजेत. होडीत वल्ही मारणाऱ्यांचे जसे चालतात तसेच. समुद्र न सोसलेल्या माणसाला हे काम का जमले, त्याचे उत्तर मला येथे सापडते.

मी लहान असताना आजी हा फोटो बाहेर काढी, त्या सातांतल्या एकावर बोट ठेवी आणि म्हणे, "हे बघ, हे आमचे भावजी." मी बघे आणि खेळायला पळे. किती वेळा पाहिला असेन! त्यांना प्रत्यक्ष पाहिल्याचे मात्र मला आठवत नाही. माझ्या कळत्या वयाआधीच ते गेले. पुढे १९६० च्या दशकात आमच्या शाळेची सहल माथेरानला गेली. पहाटेच्या होडीने वर्सोवा, तेथून अंधेरी, दादरला गाडी बदलून नेरळ. तोवर या मार्गावर डिझेलची इंजिनेही आली होती, पण आमच्या नशिबाने गाडीला वाफेचे इंजिन होते. डोळ्यांत कोळशाची कस, तोंडात शेंगदाणे, आणि डब्याच्या टोकाला चक्रावर हात ठेवून उभा असलेला ब्रेकमन. मी मित्रांना ऐटीत सांगितले, "माझे आजोबा येथेच होते." एकाने विचारले, "नाव काय त्यांचे?" मला सांगता आले नाही. घरी ते सगळ्यांचे 'भावजी' नाहीतर 'धाकटे' होते. घरी गेल्यावर आजीला विचारायचे, असे मी ठरवले आणि विसरून गेलो.

आजी गेली. मी शिक्षक झालो. मुलांना इतिहास शिकवला, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पेटी मात्र माळ्यावर तशीच राहिली.

मग आली २६ जुलै २००५. मुंबईच्या उपनगरांतल्या श्रोत्यांना ही तारीख सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या घरात पाणी शिरले. माळ्यावर नको तेवढ्या वस्तू झाल्या म्हणून ती पेटी त्याच उन्हाळ्यात खाली आणून ठेवली होती. ती बुडाली. त्याच पावसाने तिकडे नेरळ-माथेरानचा लोहमार्गही वाहून नेला, रुळांखालची माती निघून गेली, दरडी आल्या. म्हणजे एकाच दिवशी डोंगरातली गाडी गेली आणि आमच्या पेटीतलीही गेली.

दोन दिवसांनी पेटी उघडली. चारही फोटो एकमेकांना चिकटून एक लगदा झाला होता. मी काय करावे? कोळ्याच्या घरातला माणूस. ओली वस्तू वाळवायची कशी हे मला कोणी शिकवायला नको, अशी घमेंड. फोटो ओढून सुटे केले आणि ऊन पडताच बोंबील वाळवावेत तसे ते उन्हात घातले. संध्याकाळी पाहतो तो ते गोल वळलेले, भेगाळलेले. पहिले तीन ओळखण्याजोगे राहिले. चौथ्यावरचा डावीकडचा थर मात्र दुसऱ्या फोटोच्या पाठीला चिकटून निघून आला होता. सातांपैकी पाच माणसे उरली. डावीकडची पहिली दोन गेली. तेथे आता एक पांढरट डाग आहे.

आणि आता मला आजीचे बोट आठवते. ते डावीकडे असे, एवढे नक्की. पण दुसऱ्या माणसावर, की तिसऱ्या? दुसरा असेल तर भावजींचा चेहरा कायमचा गेला. तिसरा असेल तर ते अजून माझ्याकडे बघताहेत. पाठीवर काहीच लिहिलेले नाही. आता विचारायला माणूसही उरलेला नाही.

श्रोतेहो, लोहमार्ग दुरुस्त झाला. २००७ साली, गाडीला शंभर वर्षे होत असतानाच, ती पुन्हा वर गेली. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे बंद पडली, २०१८ च्या आरंभी पुन्हा पूर्ण मार्गावर धावली. २०१९ च्या पावसाने परत मार्ग वाहून गेला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात तो पुन्हा सुरू झाला. दर वेळी दुरुस्ती होऊ शकली, कारण रूळ कोठून कोठे जातो, चढ किती, वळण किती, हे सारे लिहून ठेवलेले आहे. इंजिनांचेही तसेच. १९८० नंतर लवकरच वाफेची इंजिने निवृत्त झाली. त्यांतले एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बनले, हे त्याच्या पाटीवरून सांगता येते. दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का-सिमला या डोंगरी रेल्वेंना जागतिक वारशाचा मान मिळाला. माथेरानची गाडीही तशा मानाची वाट पाहते आहे, आणि तो तिला मिळावा असे मलाही वाटते. पण ज्या माणसाने तिचा ब्रेक धरला, त्याचे नाव लिहिण्याचे काम कोणत्या खात्याचे? ते काम घरातल्या शिकलेल्या माणसाचे होते. ते मी केले नाही.

म्हणून आज तुम्हांला दोन-चार गोष्टी हात जोडून सांगतो. फोटो गाडीचाच पाहिजे असे नाही. विहिरीच्या मुहूर्ताचा, साखर कारखान्याच्या पहिल्या मोळीचा, तालमीचा, लग्नाचा, दिंडीचा, कोणताही चालेल.

घरात जुना फोटो असेल तर आजच घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. डावीकडून उजवीकडे एकेक नाव विचारा. भावजी, तात्या, आक्का अशी घरगुती नावे चालतील, पण शेजारी पाळण्यातले नावही लिहा. गाव लिहा, काम लिहा, अंदाजे साल लिहा. साल आठवत नसेल तर "थोरलीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी" असे सांगतील, तेही तसेच लिहा. लिहायचे ते पाठीवर, मऊ शिसपेन्सिलीने आणि हलक्या हाताने. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि ओल लागली की शाई पसरते. फोटो पत्र्याला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. समुद्रकाठच्या आणि कोकणातल्या लोकांनी ओलीची जास्त काळजी घ्यावी. मधूनमधून पेटी उघडून वारा द्यावा. आता घरोघरी कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. सावलीत, चमक न पाडता फोटोचा फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे ठेवला, तर एका घरात पाणी शिरले तरी दुसऱ्या घरात तो राहतो. आणि देव न करो, फोटो भिजून चिकटलेच, तर ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, पाण्यातच अलगद सुटे होऊ द्या, आणि चित्राची बाजू वर करून सुती कापडावर सावलीत वाळवा. ऊन बोंबलाला चांगले, फोटोला नव्हे. हे शहाणपण मला फार महाग पडले आहे.

शिक्षकांना एक विनंती जास्त. वर्गातल्या मुलांना घरचा एकेक जुना फोटो निवडायला सांगा. मूळ फोटो शाळेत आणायला लावू नका, वाटेत हरवेल. त्याची हकीकत लिहून आणायला सांगा. फोटोत कोण आहे, कोठे आहे, काय काम करीत होता, आणि फोटोच्या कोपऱ्यात चुकून कोण आले आहे. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. डोक्यावर ओझे घेऊन थांबलेली बाई त्या प्रश्नानेच सापडते. एका इयत्तेतली चाळीस मुले चाळीस हकीकती आणतील. तो तुमच्या गावाचा इतिहास होईल, आणि तो कोणत्याही छापील पुस्तकात मिळायचा नाही.

मी अजूनही अधूनमधून नेरळला जातो. गाडी असेल तर गाडीत बसतो, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने मोजतो आणि घोड्याच्या नालाच्या वळणावर मागे वळून बघतो. खिशात तो चौथा फोटो असतो. परवा मी त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिले: "नेरळ-माथेरान गाडीचे ब्रेकमन. सातांपैकी एक मढचे. डावीकडून दुसरे किंवा तिसरे." एवढेच मला लिहिता आले. तुम्हांला याहून जास्त लिहिता येईल. अजून तुमच्या घरात सांगणारे कोणी असेल, तर हे भाषण संपल्यावर लगेच उठा आणि त्यांना विचारा.